टीव्ही बदलण्याआधी बॉक्स पारखून घ्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

चवथीच्या खरेदीला सुरुवात झाली की टीव्हीला बाहेरून जोडून इंटरनेटवरची अ‍ॅप चालवणाऱ्या छोट्या बॉक्सच्या जाहिरातीही दिसू लागतात. घरातल्या स्मार्ट टीव्हीवर अ‍ॅप उघडायला दोन-दोन मिनिटे लागतात, काही तर उघडतच नाहीत, म्हणून सात-आठ वर्षांचा धडधाकट टीव्ही लोक एक्स्चेंजमध्ये देऊन टाकतात. त्याचा पडदा बहुतेक वेळा ठणठणीत असतो, थकलेला असतो तो आतला प्रोसेसर. अ‍ॅप दरवर्षी जड होत जातात, टीव्हीची मेमरी कारखान्यातून निघाली तेवढीच राहते आणि काही वर्षांनी अपडेटही थांबतात. डिसेंबर २०१९ मध्ये काही जुन्या सॅमसंग टीव्हींवर नेटफ्लिक्स बंद झाले ते अशाच तांत्रिक मर्यादांमुळे. टीव्हीचा एक एचडीएमआय पोर्ट (चित्र आणि आवाज एकाच तारेने आत घेणारी खाच) शाबूत असला, तरी त्याला असा स्ट्रीमिंग बॉक्स किंवा खाचेत थेट बसणारी स्टिक जोडून आणखी काही वर्षे सुखाने काढता येतात. अडचण येते ती बॉक्स निवडताना, आणि त्यासाठीच हे पत्र.

दुकानात पहिला प्रश्न हटकून ‘रॅम किती?’ असा असतो. ‘८ जीबी रॅम, १२८ जीबी स्टोरेज, सगळ्या वाहिन्या आजन्म फुकट’ असे खोक्यावर छापलेला, नाव कधी न ऐकलेल्या कंपनीचा बॉक्स मग स्वस्त वाटतो. आत चिप वेगळीच असते, आणि पडद्यावर दिसणारे आकडे सॉफ्टवेअरमध्ये फुगवलेले असू शकतात. खरे तर २ जीबी रॅम आणि ८ जीबी स्टोरेजचा प्रमाणित बॉक्स रोजच्या वापराला पुरतो. फक्त त्या ८ जीबीतली बरीचशी जागा प्रणालीच खाते, म्हणून डझनभर अ‍ॅप घालायचे असतील तर १६ किंवा ३२ जीबीचा घ्यावा. १ जीबी रॅमचा बॉक्स मात्र आज नवीन घेऊ नये. एका अ‍ॅपमधून दुसऱ्यात गेल्यावर पहिले बंद पडते आणि परत आले की सगळे पहिल्यापासून सुरू होते.

म्हणजे विचारायचा पहिला प्रश्न प्रमाणपत्राचा. अँड्रॉइड ही प्रणाली कोणालाही फुकट घेता येते, पण टीव्हीसाठी बनवलेली अँड्रॉइड टीव्ही किंवा गूगल टीव्ही ही प्रणाली गूगलच्या तपासणीतून गेलेल्या बॉक्सवरच मिळते. स्वस्त बॉक्समध्ये बहुधा फोनची अँड्रॉइड कोंबलेली असते. ओळखायची खूण सोपी आहे: अ‍ॅप चालवायला रिमोटवरून माउसचा बाण फिरवावा लागतो आणि प्ले स्टोअर फोनवर दिसते तसेच दिसते. त्या प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’खाली प्ले प्रोटेक्ट (गूगलची सुरक्षा तपासणी) प्रमाणपत्राची ओळ असते, तिथे ‘प्रमाणित नाही’ असे लिहिलेले आढळले तर बॉक्स तिथेच परत द्यावा. अँड्रॉइड टीव्हीच्या संकेतस्थळावर अधिकृत उत्पादकांची यादीही आहे. अ‍ॅमेझॉनचा फायर टीव्ही आणि अ‍ॅपल टीव्ही या यादीत नसतील, कारण त्यांच्या प्रणाली आणि अ‍ॅपची दुकाने वेगळी आहेत. त्यात काही गैर नाही.

प्रमाणपत्र नसले की पहिला फटका चित्राला बसतो. नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ यांसारख्या सेवा चोरी टाळण्यासाठी वाइडवाइन नावाचे कुलूप वापरतात. बॉक्समध्ये त्याची एल१ पातळी असेल तर एचडी आणि ४के चित्र मिळते. एल३ असेल तर नेटफ्लिक्स ४८० ओळींवरच अडते, मग पैसे प्रीमियम योजनेचे भरलेले असोत. ‘डीआरएम इन्फो’ नावाचे छोटे अ‍ॅप घालून ही पातळी दुकानातच पाहता येते. नेटफ्लिक्सची स्वतःची मान्यता आणखी वेगळी असते, त्यामुळे एल१ असूनही मान्यता नसलेल्या बॉक्सवर चित्र धूसरच राहते. ‘४३ इंची टीव्हीवर फोनपेक्षा वाईट का दिसते’ या तक्रारीचे मूळ अनेकदा इथे सापडते.

दुसरा फटका याहून गंभीर आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोलले जाते. जानेवारी २०२३ मध्ये कॅनडातल्या एका जाणकाराने टी-९५ नावाच्या बॉक्समध्ये कारखान्यातूनच घातलेले घातक सॉफ्टवेअर उघडकीस आणले. पुढे अशा बॉक्सच्या जाळ्याला ‘बॅडबॉक्स’ हे नाव पडले. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने त्याविषयी जाहीर इशारा दिला आणि पुढच्याच महिन्यात गूगलने ते चालवणाऱ्यांविरुद्ध दावा लावला. त्या दाव्यात अशा अप्रमाणित उपकरणांचा आकडा एक कोटीहून अधिक सांगितला आहे. हे बॉक्स वरकरणी नीट चालतात. मागच्या मागे ते तुमच्या इंटरनेटचा पत्ता भाड्याने दिल्यासारखा वापरू देतात, जाहिरातींवर खोटे क्लिक करतात, दुसऱ्यांच्या खात्यांत शिरण्याचे प्रयत्न तुमच्या घरच्या पत्त्यावरून होतात. चौकशी झाली तर पत्ता फोंड्याच्या किंवा काणकोणच्या एखाद्या साध्या घराचा निघतो. एफबीआयने सांगितलेल्या खुणा लक्षात ठेवण्याजोग्या आहेत: प्ले प्रोटेक्ट बंद करायला सांगणे, भलत्याच दुकानातून अ‍ॅप घ्यायला लावणे, ‘सगळे फुकट’ असा दावा, अनोळखी ब्रँड.

असा बॉक्स घरात आधीच असेल तर ‘फॅक्टरी रीसेट’ने काही साधत नाही. घातक भाग मूळ प्रणालीतच असतो, तो रीसेटनंतरही तिथेच राहतो. बॉक्स वाय-फायवरून काढावा, त्यावर उघडलेल्या गूगल खात्याचा पासवर्ड फोनवरून बदलावा, खात्याच्या सुरक्षा पानावरून त्या उपकरणाला बाहेर काढावे आणि वाय-फायचाही पासवर्ड बदलावा. स्वस्तात पडला म्हणून तो मुलांच्या खोलीत लावू नये.

खोके हातात आले की आणखी एक गोष्ट पाहावी. सेट-टॉप बॉक्सना २०१२ च्या आदेशापासून भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. मानकाचा क्रमांक आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बॉक्सवर किंवा खोक्यावर असतो. अ‍ॅडॉप्टरवरही तो वेगळा असतो. ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर क्रमांक घातला की उत्पादकाचे नाव येते, ते खोक्यावरच्या नावाशी जुळले पाहिजे. आयातदाराचा पत्ता, एमआरपी, कोणत्या देशात बनले आणि ग्राहक सेवेचा क्रमांक हे छापलेले नसेल तर घेऊच नये. पक्के बिल मागून घ्यावे, कारण १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायची वेळ आली तर तेच उपयोगी पडते.

आता कोणता बॉक्स, याचे उत्तर घरात काय पाहिले जाते यावर आहे. आधी कागदावर घरच्यांची अ‍ॅप लिहावीत आणि त्या प्रणालीच्या टीव्हीसाठी ती उपलब्ध आहेत का ते तपासावे. फोनवर अ‍ॅप आहे म्हणजे ते टीव्हीवरही असतेच, असे नाही. प्रसार भारतीचे ‘वेव्हज’ हे अ‍ॅप २० नोव्हेंबर २०२४ रोजी आपल्या पणजीतच इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनाला सुरू झाले. दूरदर्शन पाहणाऱ्या घराने ते यादीत जरूर धरावे. फोनवरून गूगल कास्टने चित्र टीव्हीवर पाठवायची सवय असेल तर गूगल टीव्हीचा बॉक्स सोयीचा, फायर टीव्हीवर ते थेट होत नाही. घरात सगळेच आयफोन वापरत असतील आणि खर्चाची तयारी असेल तर अ‍ॅपल टीव्ही उत्तम आहे. २०२२ च्या मॉडेलमध्ये लॅनचा (नेटची तार जोडायचा) पोर्ट फक्त १२८ जीबीवाल्यातच आहे, एवढे पाहून घ्यावे. आखातातून किंवा लंडनहून कोणी बॉक्स आणणार असेल तर अ‍ॅडॉप्टरवर ‘१००–२४०’ व्होल्ट लिहिलेले आहे का ते त्यांना विचारावे. कोणती अ‍ॅप दिसतील हे बहुधा खात्याच्या देशावर ठरते, त्यामुळे तिथले खाते घातले तर मराठी अ‍ॅप सापडत नाहीत.

३२ इंची एचडी रेडी टीव्हीला ४के चित्राची गरज नाही. ४के टीव्ही असेल तर चित्र ४के येण्यासाठी योजना, बॉक्स, केबल आणि पोर्ट असे चारही दुवे जुळावे लागतात. टीव्हीच्या ज्या पोर्टवर एचडीसीपी २.२ (४के चित्राची नक्कल रोखणारे कुलूप) आहे त्यातच बॉक्स घालावा, नाहीतर चित्र १०८० ओळींवर उतरते किंवा पडदा काळा होतो. त्या पोर्टची पूर्ण क्षमताही टीव्हीच्या सेटिंग्जमधून चालू करावी लागते. एलजीवर त्याला ‘डीप कलर’, सॅमसंगवर ‘इनपुट सिग्नल प्लस’ म्हणतात. रंग फिके, धुरकट दिसू लागले तर बॉक्समध्ये एचडीआर (उजेड-अंधाराचा फरक वाढवणारी चित्रपद्धत) ‘नेहमी’वर ठेवलेले असते, ते ‘अ‍ॅडॅप्टिव्ह’ करावे. जुन्या नळीच्या टीव्हीला बॉक्स जोडायचा तर एचडीएमआयमधून एव्हीत (जुन्या तीन रंगांच्या पिनांत) नेणारा कन्व्हर्टर लागतो. दिसायला अगदी तसाच, पण उलट्या दिशेचा कन्व्हर्टरही मिळतो आणि घाईत तोच घेतला जातो.

बातम्यांच्या वाहिनीवर खालून सरकणारी पट्टी अडखळत पुढे जाते, ही तक्रार मात्र नेटची नसते. आपल्याकडचे प्रसारण सेकंदाला २५ चौकटींचे आणि बॉक्स मुळात ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० चौकटींवर लावलेला. २५ चौकटी ६० मध्ये समान बसत नाहीत. ‘मूळ फ्रेम रेटशी जुळवा’ हा पर्याय चालू करावा, तो नसेल तर बातम्या आणि मालिका जास्त पाहणाऱ्या घरात ५० हर्ट्झ निवडावे. चित्र आहे आणि आवाज नाही, असे झाले तर ध्वनीच्या सेटिंगमध्ये डॉल्बीऐवजी ‘पीसीएम’ हा साधा प्रकार करून पाहावे, जुन्या टीव्हींना डॉल्बी डिजिटल प्लस समजत नाही.

स्टिक मधूनच बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल तर आधी वीज पाहावी. टीव्हीच्या साध्या यूएसबी पोर्टमधून अर्धा अँपिअर मिळतो, स्टिकला साधारण एक अँपिअर लागतो. सोबत आलेलाच अ‍ॅडॉप्टर भिंतीतल्या प्लगला लावावा.

नेटफ्लिक्सच्या सांगण्यानुसार १०८० ओळींच्या चित्राला ५ एमबीपीएस आणि ४केला १५ एमबीपीएस वेग पुरतो. एका तासाला एचडीत ३ जीबीपर्यंत आणि ४केत ७ जीबीपर्यंत डेटा जातो. म्हणजे ५० एमबीपीएसच्या जोडणीवर चित्र अडकायला नको. तरी अडकते, कारण आपल्याकडच्या जुन्या घरांच्या चिऱ्याच्या भिंती हातभर जाड असतात. राउटर पडवीत आणि टीव्ही आतल्या खोलीत असेल तर वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झचा संकेत दुसऱ्या भिंतीतच मरतो. स्टिक तर टीव्हीच्या पाठीमागे, धातूच्या पत्र्याला चिकटून बसते. तिच्यासोबत येणारी एचडीएमआयची छोटी वायर लावून तिला कडेला आणले तरी फरक पडतो. खरा उपाय म्हणजे राउटरपासून बॉक्सपर्यंत कॅट-६ ही नेटची केबल ओढणे. ती शंभर मीटरपर्यंत चालते आणि बॉक्सचा १०० एमबीपीएसचा पोर्ट ४केला भरपूर होतो. दोष कुठे आहे हे ठरवायला टीव्हीजवळ उभे राहून त्याच वाय-फायवर फोनने वेग मोजावा. फोनलाही कमी मिळत असेल तर वाय-फाय, फोनला ठीक आणि बॉक्स अडकत असेल तर बॉक्स: बहुधा भरलेले स्टोरेज किंवा भिंत आणि टीव्ही यांच्यामध्ये कोंडलेली उष्णता.

पावसाळ्याबद्दल दोन शब्द गोव्यात लिहावेच लागतात. मे-जूनच्या सुरुवातीचा आणि ऑक्टोबरचा गडगडाट जोडण्या जाळतो, आणि तो दर वेळी विजेच्या तारेतूनच येतो असे नाही. छपरावरून आलेली केबलवाल्याची तार किंवा शेजारून ओढलेली लॅनची तार त्याला वाट देते. गडगडाट सुरू झाला की प्लगबरोबर याही तारा काढाव्यात. सर्ज प्रोटेक्टर लावला तरी घराला अर्थिंग नसेल तर तो अर्धेच काम करतो. किनाऱ्याजवळच्या घरांत एचडीएमआयच्या टोकांवर मिठाच्या हवेने काळपट थर येतो आणि चित्र लुकलुकते. आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने टोक पुसावे, वाळू द्यावे, मगच जोडावे. घर पावसात कुलूपबंद ठेवून परदेशी जाणाऱ्यांनी बॉक्स, रिमोट आणि अ‍ॅडॉप्टर सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. रिमोटमधले सेल आधी काढावेत, ते गळले की रिमोट गेलाच.

शेवटी आपल्याला एक विनंती. टीव्ही बॉक्सची जाहिरात स्वीकारताना तिच्यात भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक छापण्याचा आग्रह आपल्या जाहिरात विभागाने धरावा. दुकानदारांनीही बिलावर ‘प्रमाणित गूगल टीव्ही’ किंवा जे असेल ते स्पष्ट शब्दांत लिहून द्यावे.

आपला,
टीव्ही व नेटवर्क जोडणीचे काम करणारा एक तंत्रज्ञ
फोंडा, गोवा