पुराच्या कॅम्पात आमच्या वयाच्या बायका पण लागतात

मा. संपादक,
स. न.

पावसाळा तोंडावर आला की स्वयंसेवक पाहिजेत म्हणून मेसेज फिरायला लागतात आणि खाली वयाची अट ठरलेली. सरकारच्या आपदा मित्र योजनेत पण १८ ते ४०. आता बोट चालवायची, दोर टाकायचा, तिथं मी ६४ वर्षांची बाई काय करणार, उलट मलाच उचलून न्यायला लागेल. पण पूर म्हणजे काय नुसती बोट असते का हो?

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी ४५), आमचं गावभागातलं घर पाण्यात, मी सासूबाईंना घेऊन विश्रामबागला नणंदेकडे. जवळच्या शाळेत कॅम्प होता, तिथं चपात्या लाटायला म्हणून गेले तर कोपऱ्यात एक आजी, दोन दिवस पाण्याचा घोट नाही. पोरं बिचारी बाटल्या आणून ठेवत होती, सगळ्यांना वाटलं धक्का बसलाय. शेजारी बसून हळूच विचारलं तर म्हणाल्या, "गुडघं वाकत न्हाईत बाई, त्या संडासात बसू कशी? म्हणून पाणीच पीत न्हाई." मग एका प्लॅस्टिकच्या खुर्चीला मधे भोक पाडून घेतलं, खाली बादली, भोवती जुन्या साड्यांचा आडोसा (साड्यांचा ढीगच पडला होता, मोठ्यांचे डायपर मात्र एक पाकीट नाही). संध्याकाळी आजी दोन कप चहा प्याल्या. यात माझी हुशारी काही नाही, सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून घरी रोज हेच करतेय. बीपीची गोळी कुठली विचारलं तर "सकाळची, पांढरी, बारकी" एवढंच सांगणारी माणसं कशी बोलती करायची ते पण आम्हालाच माहीत.

२०२१ ला परत पाणी आलं तेव्हा एका संस्थेला फोन केला तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, आजी, तुम्ही घरीच काळजी घ्या. नाही म्हणाली त्यापेक्षा आजी म्हणाली ते जास्त लागलं, ते असो.

आमची खरी अडचण वय नाहीच, घरचं माणूस कुणावर सोडून जायचं ही आहे. त्याला शेतात पैरा करतात तसं करता येईल, आज मी तुझ्या आईजवळ बसते तू कॅम्पात जा, उद्या तू माझ्या सासूबाईंजवळ बस. पण त्यासाठी पूर यायच्या आधी, मे महिन्यातच वॉर्डावॉर्डात यादी पाहिजे, वय विचारू नका, काय येतं आणि किती तास मोकळ्या आहात ते विचारा. माझं लिहून घ्या, सकाळी ११ ते दुपारी २. तीनला सासूबाईंना कूस बदलून द्यायला लागते.

– एक सून, गावभाग, सांगली