सिंकचं भोक आणि उद्यमबागेचं कसब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सध्या बेळगावच्या शहापूर, वडगाव, अनगोळ भागात जुने ओटे काढून ग्रॅनाइटचे कट्टे बसवायची कामं जोरात आहेत. त्यात हमखास निघणारं एक काम म्हणजे स्टीलच्या जुन्या सिंकचं लहान भोक मोठं करून जाळीची वाटी असलेलं नवं कपलिंग, म्हणजे सिंक खालच्या पाइपला जोडणारा भाग, बसवणं. मी उमेदीची सगळी वर्षं उद्यमबागेत, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, पत्राकामात काढली. हे काम घराघरांत ज्या तऱ्हेनं उरकलं जातंय, ते बघवत नाही म्हणून लिहितोय.

आमच्या गल्लीतल्या एका वहिनींच्या घरी कारागिरानं सिंक जागेवरून न हलवता ग्राइंडर लावला. भोक वेडंवाकडं झालं. कडेची बर, म्हणजे कापताना उरलेली धारदार कूस, तशीच राहिली, वायसर नीट बसला नाही आणि पाणी झिरपून खालच्या कपाटाचं प्लायवूड फुगलं. थोड्याच दिवसांत कडेला तांबूस डागही आले. वहिनी म्हणाल्या, "भावजी, दुकानदारानं स्टीलच खोटं दिलं हो!" स्टील खोटं नव्हतं. सिंकच्या ३०४ नंबरच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर त्याला गंजापासून जपतो. आधी लोखंड कापलेली चकती त्याच स्टीलवर फिरवली, की लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि गंज त्या कणांना चढतो. शिवाय चकतीच्या उष्णतेनं कड निळी पडते, तिथला थरही बिघडतो.

याला चांगला उपाय पंच-डायचा. पंच म्हणजे धारेचा ठसा एका बाजूला, डाय म्हणजे त्याचा पोकळ साचा दुसऱ्या बाजूला आणि मधून बोल्ट. बोल्ट आवळत गेलं की पत्रा गोल कापला जातो. ठिणगी नाही, उष्णता नाही. जुनं भोक बोल्टपेक्षा मोठं असल्यानं मध्य मात्र नीट साधावा लागतो. होल सॉनंही, म्हणजे ड्रिल मशीनला लावायच्या गोल करवतीनंही, काम होतं, पण मधल्या ड्रिलला धरायला पत्राच उरलेला नसतो. म्हणून भोकाच्या वर-खाली प्लायवूडचे तुकडे घट्ट आवळायचे आणि त्यातून ड्रिल घालायचं. वेग कमी, दाब सलग आणि कटिंग ऑइल भरपूर. नुसतं घासत राहिलं तर हे स्टील जागच्या जागी कडक होतं आणि सॉचे दात जातात. शेवटी कानस मारून बर काढायची. हातमोजे आणि चष्मा तर हवाच, कारण ही कड बोट सहज कापते.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते बैठकीकडे. कारखान्यात भोकाभोवती पत्रा किंचित खाली दाबलेला असतो, त्यात कपलिंगची कड बसते. भोक वाढवताना तो खळगाच कापला जातो. मग नवी कड सपाट तळावर उंच राहते आणि तिच्याभोवती खरकटं पाणी साचतं. नवी बैठक दाबायची तर सिंक सोडवून वर्कशॉपलाच न्यायला हवं.

आणखी एक. भोक मोठं केलं की सिंक तुंबायचं थांबतं, असं पुष्कळांना वाटतं. मोठ्या वाटीत भाताची शितं आणि भाजीची देठं अडकतात, हा फायदा खराच. पण खालचा पाइप तोच राहिला, त्याला उतार नसला, ट्रॅपमध्ये, म्हणजे सिंकखालच्या पाइपच्या पाणी धरून ठेवणाऱ्या वाकात, तेलकट गाळ बसलेला असला, तर पाणी पूर्वीइतकंच सावकाश जाणार. आधी ट्रॅप उघडून बघा. कित्येकदा भोकाला हात लावायची गरजच पडत नाही.

बेळगावच्या फाउंड्र्या आणि मशीन शॉपमध्ये बारीक मापाची कामं रोज होतात. त्याच गावात घरच्या सिंकला छिन्नी-हातोडी लागावी, याचं मला फार वाईट वाटतं. एका नगासाठी मशीन थांबवणं परवडत नाही, ही वर्कशॉपवाल्यांची अडचण मी जाणतो. तरी आठवड्यातली एखादी दुपार त्यांनी अशा घरगुती कामांना द्यावी. सिंक विकणाऱ्यांनी भोकाचा व्यास लेबलवर मिलिमीटरमध्ये छापावा. साडेतीन इंची म्हणजे सुमारे ९० मिलिमीटरचं कपलिंग बाजारात सर्रास मिळतं, पण त्याहून मोठीही असतात. म्हणून गिऱ्हाइकानं कपलिंग आधी विकत घ्यावं, कारागिराच्या हातात द्यावं आणि त्यावरूनच माप घ्यायला सांगावं.

आपला,
एक निवृत्त पत्राकारागीर,
अनगोळ, बेळगाव