वरच्या टोकाचं पाणी

चि. मनीषा हिस,
अनेक आशीर्वाद.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला मातीतला ओलावा बघून आपोआप चालू-बंद होणारं ठिबक करणार म्हणालीस. तुला राहुरीच्या कृषी विद्यापीठात पाठवल्याचं चीज झालं. फोनवर बोलायचं राहिलं ते लिहितो.

अंजिराला ठिबक बसवलं ते वर्ष आठवतं ना? बसवणारे इंजिनिअर बांधावरून नजर टाकून गेले. नळ्या चढाकडे, लांबच लांब. वरच्या टोकाची झाडं पिवळी पडली, तर आम्ही खतं वाढवत बसलो. शेवटी तुझ्या आईने पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली सारखे डबे ठेवले. तासाभरात खालचा भरला, वरचा जेमतेम अर्धा. मधून सबमेन, म्हणजे नळ्यांना पाणी पुरवणारा जाड पाइप, टाकून नळ्यांची लांबी निम्मी केली तेव्हा कुठे पाणी सारखं पडलं. बहार मात्र हातचा गेला होता. त्या इंजिनिअर पोराला पाण्याच्या दाबाचं गणित येत असणारच, पण बागेत तासभर थांबायचं त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

आपल्याच पुरंदर तालुक्यात, नायगावला, विलासराव साळुंखे आले. तेही इंजिनिअर, पुण्यात कारखाना असलेले. १९७२ चा दुष्काळ बघून ते हलले आणि देवस्थानची चाळीस एकर पडीक जमीन घेऊन पाणी अडवायला लागले. तेवढं त्यांच्या शिक्षणात बसत होतं. पुढचं नव्हतं. पाणी कुणाला किती, हे त्यांनी लोकांत बसून ठरवलं. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला फार तर अडीच एकराचं. ऊस नाही. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. ही पाणी पंचायत मला कुठल्याही धरणाहून मोठं बांधकाम वाटते, आणि तुमच्या वर्गात ती पंपाइतकीच बारकाईने शिकवायला हवी.

तुझा सेन्सर झाडाची तहान सांगेल. पण माघात विहिरीत किती पुरुष खोल पाणी उरतं? आपली मोटर आपोआप सुरू झाली की खालच्या अंगाच्या काकांच्या विहिरीचं काय होतं? हेही प्रोजेक्टमध्ये घे, बाळा. सरांना विचार, नाही म्हणाले तर पुन्हा विचार.

दिवाळीला येताना लेव्हलचं यंत्र मिळालं तर आण, वरचा चढ अजून नीट मोजलेला नाही. काकांशी बोललोय. रविवारपासून दोन्ही विहिरींची पातळी दोरीने मोजून वहीत लिहितो आहे.

तुझे,
आप्पा