बाई, समासातल्या प्रश्नांबद्दल मनापासून आभार

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

आभाराचं पत्र खरं तर खासगीत लिहायचं. पण तुम्ही केलेली मदत माझ्यापुरती ठेवण्यासारखी नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

अभ्यासगटात ‘स्थलांतरित आणि अर्थव्यवस्था’ या विषयावर बोलायचं मी कबूल केलं आणि तुम्हाला फोन केला. निवृत्तीनंतरही तुम्ही माझं प्रत्येक टिपण वाचलंत आणि समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात प्रश्न लिहून परत पाठवलंत. उत्तर एकाचंही लिहिलं नाहीत. त्यातल्या एका प्रश्नावर माझं सगळं भाषण उभं राहिलं: ‘हा माणूस दहा-पंधरा वर्षांनी काय करत होता?’

सरकारी कागदांवर कामगार वेगळा, उद्योजक वेगळा, गुंतवणूकदार वेगळा. व्हिसाही वेगवेगळे. अमेरिकेत तर ठरावीक रक्कम गुंतवून किमान १० जणांना काम देणाऱ्या परदेशी माणसासाठी १९९० पासून स्वतंत्र वर्ग आहे. तुमचा प्रश्न मनात ठेवून मी हमदी उलुकाया यांची वाटचाल वाचली. ते १९९४ मध्ये तुर्कस्तानातून अमेरिकेत शिकायला गेले. न्यूयॉर्क राज्यातल्या एका शेतावर राबले, मग चीज बनवण्याचा छोटा उद्योग काढला. २००५ मध्ये एका मोठ्या कंपनीनं बंद केलेला दह्याचा जुना कारखाना त्यांनी विकत घेतला, तोही लहान उद्योगांसाठीच्या सरकारी योजनेतून कर्ज काढून. जुन्यांपैकी मोजके कामगार पुन्हा कामावर घेतले आणि सुरुवातीला सगळ्यांनी मिळून भिंती रंगवल्या. दही विकायला यायला अजून बराच अवकाश होता. २००७ मध्ये ‘चोबानी’ बाजारात आलं. पुढे तिथे निर्वासितांनाही कामं मिळाली आणि २०१६ मध्ये उलुकायांनी कामगारांना कंपनीत हिस्सा देऊ केला. आला तेव्हा विद्यार्थी, मग मजूर, मग कर्जदार, मग शेकडो घरांचा पोशिंदा. व्हिसा देताना यातलं काय कोणाला दिसलं असतं?

कधी कधी ही वाटचाल पुढच्या पिढीत पुरी होते. पश्चिम जर्मनीनं १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून कामगार बोलावले, कारण कारखान्यांना माणसं मिळत नव्हती. उगुर शाहीन यांचे वडील कोलोनला फोर्डच्या कारखान्यात होते. मुलगा चार वर्षांचा असताना तिथे आला. त्याच मुलानं ओझलेम तुरेजी आणि इतर सहकाऱ्यांबरोबर २००८ मध्ये माइन्झला बायोएनटेक ही औषध कंपनी उभी केली, आणि २०२० मध्ये तिची कोविडची लस जगापुढे आली. तुरेजी यांचे वडीलही तुर्कस्तानातून आलेले डॉक्टर.

‘बाहेरचे येतात, आमच्या नोकऱ्या जातात’ हा प्रश्न विचारणाऱ्याला हिणवायचं नाही, हे तुम्ही मला बजावून सांगितलंत. पोटाची काळजी असते ती, आणि तिला पुराव्यानंच उत्तर द्यायचं. म्हणून तुम्ही मायामीचा अभ्यास वाचायला लावलात. १९८० मध्ये काही महिन्यांत क्यूबाच्या मारिएल बंदरातून सुमारे १ लाख २५ हजार माणसं बोटींनी अमेरिकेत आली. मायामीतली कामकरी लोकसंख्या एकदम ७ टक्क्यांच्या आसपास वाढली. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये दाखवलं, की तिथल्या कमी शिकलेल्या कामगारांच्या मजुरीवर किंवा बेकारीवर याचा फारसा परिणाम झाला नाही. या कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. तरी तुम्ही समासात लिहिलंतच, ‘बोरहास काय म्हणतात?’ जॉर्ज बोरहास हेही अर्थशास्त्रज्ञ, स्वतः क्यूबातून लहानपणी आलेले. शाळा अर्धवट सोडलेल्या पुरुषांची मजुरी तेव्हा चांगलीच घसरली, असं त्यांचं म्हणणं, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. मी दोन्ही बाजू मांडल्या. सभेत सगळ्यात जास्त प्रश्न त्याच भागावर आले, आणि मला त्यांना सरळ उत्तरं देता आली ती तुमच्यामुळे.

उलटा दाखला तर मला फारच मोलाचा वाटतो. मेक्सिकन शेतमजुरांना हंगामापुरतं बोलावणारी ‘ब्रासेरो’ योजना अमेरिकेनं १९६४ अखेर बंद केली. स्थानिक मजुरांची मजुरी वाढेल, हा हेतू. नंतर अर्थशास्त्रज्ञांनी आकडे तपासले तेव्हा ती तशी वाढलेली दिसली नाही. शेतमालकांनी यंत्रं आणली. कॅलिफोर्नियात टोमॅटो तोडायची यंत्रं बघता बघता पसरली. ज्या पिकांना यंत्र नव्हतं, त्यांची लागवड कमी झाली. म्हणजे माणूस गेला आणि त्याच्याबरोबर ते कामही गेलं. नोकऱ्यांचा काही ठरलेला साठा नसतो. येणारा माणूस भाडं भरतो, बाजारहाट करतो, मुलांना शाळेत घालतो, आणि त्यातून दुसऱ्या कोणाला तरी काम मिळतं. हे सूत्र तुम्ही आम्हाला वर्गात शिकवलं होतं. त्याचा प्रत्यय मला आत्ता आला.

युगांडाबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहिते, कारण ते वाचताना मला खूप त्रास झाला. ऑगस्ट १९७२ मध्ये तिथला हुकूमशहा इदी अमीन यानं आशियाई, म्हणजे मुख्यतः भारतीय वंशाच्या लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं. दुकानं, गिरण्या, पेढ्या सोडून माणसं निघाली. सुमारे २८ हजार ब्रिटनला पोचली. इंग्लंडमधल्या लेस्टर शहराच्या नगरपालिकेनं युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती: इथे येऊ नका, घरं आणि शाळा भरल्यात. तरी हजारो जण तिथेच गेले. आधी कारखान्यांत मिळेल ते काम केलं, मग दुकानं थाटली. आज त्या शहरातला बेलग्रेव्ह रोड जवाहिऱ्यांसाठी आणि साड्यांच्या दुकानांसाठी ओळखला जातो.

तुम्ही मात्र विचारलंत, ‘आणि मागे काय राहिलं?’ मागे राहिलेले धंदे अमीननं आपल्या सैनिकांना आणि मर्जीतल्यांना वाटले. ते त्यांना चालवता आले नाहीत. माल मिळेना, यंत्रं बंद पडली, ककिराच्या प्रचंड साखर कारखान्यातलं उत्पादन पार ढासळलं. १९८० च्या दशकात त्याचं मूळ मालक असलेलं माधवानी कुटुंब परतलं आणि त्यांनी तो कारखाना पुन्हा उभा केला. नंतर राष्ट्राध्यक्ष मुसेवेनी यांच्या सरकारनं घालवून दिलेल्यांना परत बोलावलं, त्यांच्या मालमत्ता परत केल्या. इमारती आणि यंत्रं जप्त करता येतात. उधारीवर माल देणारी ओळख, हिशोबाची शिस्त, कोणाकडून काय घ्यायचं याची जाण जप्त करता येत नाही, ती माणसाबरोबर निघून जाते.

स्थलांतरितांचा सरकारी तिजोरीवर भार पडतो का, याबद्दलही तुम्ही मला घाई करू दिली नाहीत. ‘किती वर्षांचा हिशोब?’ एवढंच लिहिलंत. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींचा २०१६ चा अहवाल वाचल्यावर या प्रश्नाचं मोल कळलं. स्थलांतरितांच्या पहिल्या पिढीवर राज्यांचा आणि स्थानिक संस्थांचा खर्च जास्त होतो, मुख्यतः मुलांच्या शाळांवर. तीच मुलं मोठी होऊन जो कर भरतात त्यामुळे दुसरी पिढी सर्वात जास्त भर घालणाऱ्यांत गणली जाते. एका वर्षाचा ताळेबंद मांडणाऱ्याला फक्त शाळेचा खर्च दिसणार.

बाई, तुम्ही मला मतं दिली नाहीत, वाचायची रीत दिलीत. आकडा दिसला की तो कोणाचा, केव्हाचा, आणि त्यात कोण मोजलं गेलं नाही, हे मी आता आपोआप शोधते. सभा संपल्यावर एक नर्सबाई भेटल्या. परदेशात जायच्या तयारीत होत्या. आपल्याबद्दल कोणी असं नीट बोललं याचं बरं वाटलं, म्हणाल्या. ते श्रेय तुमचं आहे आणि ते तुमच्यापर्यंत पोचवायलाच हवं होतं.

शेवटच्या टिपणावर तुम्ही लिहिलेला प्रश्न मात्र भाषणात मावला नाही: ‘ज्या देशानं या माणसांना शिकवलं, त्याच्या वाट्याला काय आलं?’ घरी पाठवले जाणारे पैसे ही त्याची एकच बाजू झाली. दवाखान्यात रिकामी राहिलेली डॉक्टरची खुर्ची ही दुसरी. आता त्यावरच वाचतेय. टिपण तयार झालं की पाठवते. समास मोठा सोडेन.

आपली विद्यार्थिनी