बारा तासांची ड्युटी स्वस्त कशी पडते?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

व्यवसायासाठी सुरक्षा रक्षक नेमताना खर्चाचा अंदाज कसा बांधावा, हा कालच्या अंकातला लेख वाचला. त्यातली चौकट दोनदा वाचावी लागली, कारण फिकट निळ्या रंगावर पांढरी अक्षरं छापण्याची हौस तुमच्याकडे कुणाला तरी आहे. दुसऱ्यांदा आकडे आणि 'बारा तासांच्या दोन पाळ्या घेतल्यास बचत' ही ओळ दिसली, आणि दिसली नसती तर बरं झालं असतं असं वाटलं.

एका रक्षकाचा महिन्याचा दर घ्या, गेटच्या संख्येने गुणा, तीन एजन्सींची कोटेशनं मागवा आणि घासाघीस करा. तुमच्या लेखकाचा सल्ला एवढाच. मेथीच्या जुडीला तो ठीक आहे. गेट चोवीस तास सांभाळायचं तर आठ-आठ तासांचे तीन रक्षक लागतात. त्यांना आठवड्याची सुट्टी असते, म्हणून वर रिलीव्हर, म्हणजे सुट्टीच्या दिवशीचा बदली रक्षक, लागतो. एका पोस्टला साडेतीन माणसं धरावी लागतात. अख्ख्या लेखात रिलीव्हरचं नाव नाही.

हिशेब सोपा जावा म्हणून पगार १५,००० रुपये धरू. त्यावर पीएफमधला मालकाचा हिस्सा प्रशासकीय खर्चासह १३ टक्के, म्हणजे १,९५० रुपये. ईएसआयसी, म्हणजे कामगार विम्याची वर्गणी, ३.२५ टक्के, म्हणजे ४८८. बोनस कमीत कमी ८.३३ टक्के, म्हणजे १,२५०. झाले १८,६८८. रिलीव्हरसाठी सहावा हिस्सा (सहा दिवस कामामागे एक सुट्टी) वाढवा, की २१,८०० च्या वर गेलात. एजन्सीचा सर्व्हिस चार्ज दहा टक्के धरला तर २४,००० च्या आसपास, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. पंधरा हजारांचा रक्षक २८,३०० ला पडला, तोही फक्त आठ तासांसाठी. भरपगारी रजा आणि वर्दी यात धरलेलीच नाही. नोंदणीकृत व्यापाऱ्याला जीएसटी वजा करून मिळतो, कॉम्पोझिशन योजनेत ठोक दराने कर भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला मिळत नाही. एजन्सी कंपनी नसून एकट्या मालकाची किंवा भागीदारीची असेल, तर १ जानेवारी २०१९ पासून हा कर रिव्हर्स चार्जने, म्हणजे एजन्सीऐवजी नोंदणीकृत ग्राहकालाच थेट सरकारकडे भरावा लागतो. याचाही लेखात पत्ता नाही. लेखाखाली एका एजन्सीची जाहिरात मात्र होती. योगायोग असावा.

घासाघीस केल्यावर काय होतं ते आमच्या साकीनाक्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये बघायला मिळालं. सभेत सगळ्यात कमी दराचं कोटेशन टाळ्यांच्या गजरात मंजूर झालं. मी उभा राहून विचारलं, की किमान वेतन देऊन, पीएफ भरून या दरात एजन्सीवाल्याला स्वतःला काय उरणार? अध्यक्ष म्हणाले, "तो त्याचा प्रश्न आहे, साहेब. आपण लिफ्टच्या मेंटेनन्सचं बघू."

रात्रपाळीला खेडकडचे एक गृहस्थ आले. पन्नाशी उलटलेली, सगळे त्यांना मामा म्हणायचे. पावसाळ्यात कुर्ल्याला रुळांवर पाणी भरलं, सकाळचा माणूस पोचला नाही आणि मामांनी डबल मारली, म्हणजे लागोपाठ दोन पाळ्या केल्या. मुंबईत हे चालायचंच. पण पाणी ओसरलं, गाड्या सुरळीत झाल्या, तरी सकाळी गेटवर मामाच आणि रात्रीही मामाच. मग एका पहाटे दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यातून तांब्याच्या वायरची बंडलं गेली. कमिटीत एकच ओरडा, वॉचमन झोपला होता. झोपेल नाहीतर काय करेल! मी मस्टर, म्हणजे हजेरीची वही, मागवलं. दिवसपाळीपुढे भलत्याच कुणाचं नाव, रोजची सही, आणि दोन्ही नावांच्या सह्यांचं वळण एकच. बिल दोघांचं, उभा एकटा. एजन्सीच्या सुपरवायझरने येऊन मामांच्या पगारातून दंड कापायला लावला, वर्दीचे पैसे आधीच कापलेले होते, आणि त्यांना दुसऱ्या साइटवर धाडून दिलं. वायरच्या नुकसानीचं विचारलं तर करारातलं कलम दाखवलं, चोरीची जबाबदारी एजन्सीची नाही. हे कलम कोटेशनच्या मागच्या पानावर होतं. सभेत झेरॉक्स वाटली होती ती पुढच्या पानाची.

तुमच्या चौकटीतली 'बारा तासांच्या दोन पाळ्या घेतल्यास बचत' ही ओळ म्हणूनच डोक्यात गेली. ही बचत येते कुठून? ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा असतो. आठ तासांवरचे चार तास दुप्पट धरले तर बारा तासांच्या माणसाला सोळा तासांचा पगार द्यावा लागतो. दोघांचे बत्तीस तास झाले. आठ-आठ तासांच्या तिघांचे चोवीसच होतात. म्हणजे कायद्याने चाललं तर बारा तासांची ड्युटीच महाग पडते. ती स्वस्त पडते ते जादा चार तास साध्या दराने दिले किंवा दिलेच नाहीत तर. तुमच्या लेखकाने नकळत चोरीचाच सल्ला दिला आहे, फक्त ती मामांच्या खिशातली आहे, म्हणून तिची तक्रार कुठल्या कमिटीत होत नाही. ठेकेदाराने पगार थकवला तर तो द्यायची जबाबदारी काम देणाऱ्यावर येते, हे तरी गाळेवाल्यांना सांगायचं होतं.

लेख दिल्लीत बसून लिहिला असावा अशी शंका येते, कारण सुरक्षा रक्षक मंडळाचा त्यात उल्लेख नाही. माथाडींच्या धर्तीवर १९८१ साली खास सुरक्षा रक्षकांसाठी कायदा केला तो महाराष्ट्राने. मंडळाकडून नोंदणीकृत रक्षक घेता येतात. पगार आणि त्यावरची लेव्ही (ठरावीक टक्क्यांची जादा आकारणी) मंडळाकडे भरायची, काय कशाचं ते उघड असतं. महाग पडतं म्हणून लोक नाकं मुरडतात, पण ते महाग का पडतं हे वरच्या हिशेबावरून कळावं. खासगी एजन्सीच घ्यायची तर २००५ च्या केंद्रीय कायद्याखालचा परवाना आधी बघावा, पीएफ आणि ईएसआयसीची चलनं रक्षकांच्या नावांसकट दर महिन्याला मागावीत, आणि ती आल्याशिवाय बिल पास करू नये. आमच्या इस्टेटने हे अजून सुरू केलेलं नाही. अध्यक्ष लिफ्टमध्ये अडकलेत, विषयात म्हणतोय मी.

किमान वेतनातला विशेष भत्ता राज्यात दर जानेवारी आणि जुलैला बदलतो. त्या दोन महिन्यांत सुरक्षा रक्षकांचे नवे दर तुम्ही छापलेत तर गाळेवाल्यांचा आणि गेटवरच्या माणसांचा, दोघांचाही उपयोग होईल. काळ्या शाईत छापा.

मागच्या खेपेला माझ्या पत्रातले आकडे जागेअभावी गाळून तुम्ही नुसता संताप छापला होता. या वेळी कापायचंच असेल तर संताप कापा.

आपला,
एक गाळेधारक, साकीनाका, मुंबई