कंपनी कायद्याच्या कलम १६६ मध्ये पुरवठादार कुठे आहे?

प्रति,
मा. श्रीमती निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थ व कंपनी व्यवहार मंत्री, नवी दिल्ली

महोदया,

भोसरी एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. तीन सीएनसी लेथ, नऊ कामगार आणि गिऱ्हाईक म्हणाल तर मुख्यतः एकच मोठी कंपनी. तिचं नाव लिहीत नाही. पुढच्या महिन्याचा पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, अजून यायचा आहे.

या कंपनीने गेल्या वर्षी सीएसआरमधून, म्हणजे कायद्याने समाजकामावर करायच्या खर्चातून, एका शाळेला पाण्याची टाकी बांधून दिली. चांगलं काम झालं. त्याच आठवड्यात माझी चार बिलं तिच्याकडे अडकलेली होती, सगळ्यात जुनं ११२ दिवसांचं. पर्चेसला फोन केला की ते अकाउंट्सकडे बोट दाखवतात, अकाउंट्सला केला की 'जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) झालेला दिसत नाही'. तोवर माझा पार्ट लागलेली गाडी शोरूमला पोचलेली असते.

माल दिला की पुढच्या महिन्याच्या २० तारखेला त्या बिलावरचा जीएसटी मला भरावाच लागतो, हातात न आलेल्या पैशांतून. त्या कराचं क्रेडिट, म्हणजे तिच्या स्वतःच्या करातून वजावट, कंपनी घेऊन मोकळी होते, आणि माझं बिल चुकतं करायला जीएसटीच्या नियमात तिला १८० दिवसांची मुभा आहे. म्हणजे माल तर मी उधार देतोच, वर बँकेच्या सीसी (कॅश क्रेडिट) खात्यातून व्याजाने पैसे काढून करही भरतो.

कायदा नाही असं नाही. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग) कायद्यात बिल चुकतं करायला जास्तीत जास्त ४५ दिवसांची मुदत आहे. ती उलटली तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल स्वीकारला असं धरायचं, त्यामुळे जीआरएनचं निमित्तही कायद्याने आधीच खोडलंय. पण ते व्याज मागून पुढची ऑर्डर टिकवलेला एकही माणूस मला भोसरीत भेटलेला नाही. २०२३ च्या तुमच्या अर्थसंकल्पात आयकराचं कलम ४३बी(एच) आलं. लहान उद्योगाचे पैसे वेळेत दिले नाहीत, तर ते देईपर्यंत कंपनीला आयकर मोजताना तो खर्च वजा धरता येणार नाही. तेव्हा पेढे वाटावेसे वाटले होते. पुढच्या मार्चमध्ये पर्चेसवाल्याने चहा पाजला आणि सुचवलं, "शेठ, ती उद्यम नोंदणी काढून टाका ना, दोघांनाही सोपं पडेल." म्हणजे लहान उद्योग असल्याची माझी सरकारी नोंदणीच नको, की ते कलम त्यांना लागू नको.

मी वकील नाही. माझी मुलगी सीए करतेय, तिने २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १६६ दाखवलं. संचालकांनी कोणाचं हित बघायचं, तर कंपनी, तिचे कर्मचारी, भागधारक, समाज आणि पर्यावरण यांचं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या १८१ कंपनीप्रमुखांनी असंच निवेदन काढलं तेव्हा केवढा गाजावाजा झाला. आपल्या संसदेने ते सहा वर्षं आधी कायद्यातच लिहिलं होतं. अभिमान वाटला. मग लक्षात आलं, त्यांच्या निवेदनात पुरवठादार होता, आपल्या कलमात नाही.

त्याच कायद्याच्या कलम १७८ मध्ये 'स्टेकहोल्डर्स रिलेशनशिप कमिटी' आहे. नाव वाचून वाटलं, इथे आपलं गाऱ्हाणं मांडता येईल. मुलगी हसली. ही कमिटी शेअर-डिबेंचरवाल्यांच्या तक्रारींसाठी आहे.

सीएसआर बंद करा असं मी म्हणत नाही, शाळेला टाकी हवीच. पण ज्या नफ्याच्या सरासरीचे दोन टक्के सीएसआरला जातात, त्या नफ्यात मी बँकेला भरलेलं व्याज आहे. ते कंपनीने भरायचं होतं.

कलम १६६ मध्ये 'पुरवठादार' हा शब्द घाला. त्याहून तातडीचं दुसरं आहे. लहान उद्योगांचे पैसे ४५ दिवसांहून जास्त थकवलेल्या कंपन्या दर सहा महिन्यांनी, उशिराच्या कारणासह, एमएसएमई-१ फॉर्म तुमच्याच मंत्रालयाकडे भरतात. कोणाचे किती थकलेत हे तुम्हाला कंपनीनेच लिहून दिलेलं असतं. मग तक्रार आमच्याकडून कशाला हवी? त्या फॉर्मवरूनच व्याज लावा आणि वसूल करा. आम्ही तोंड उघडलं की काम जातं. आणि वार्षिक अहवालात सीएसआरचा तक्ता छापतात, त्याच्या शेजारीच ही थकबाकी छापायला लावा.

पत्र छापताना माझं नाव गाळावं, ही संपादकांना विनंती. २० तारीख चार दिवसांवर आलीय.

आपला,
भोसरीतला एक पुरवठादार