तक्रार: 'त्या दिवसाचा दर' म्हणून वर्षाची सरासरी दिल्याबाबत

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

विषय: रुपया-डॉलर ऐतिहासिक विनिमय दर अहवालातील चुका, पैसे परत मिळणे व अहवाल दुरुस्त होणेबाबत

महोदय,

गेल्या महिन्यात मी आपल्या संकेतस्थळावरून रुपया-डॉलर विनिमय दराचा अहवाल विकत घेतला. जीएसटी धरून १,७७० रुपये भरले. मी चौदा तारखा दिल्या होत्या आणि प्रत्येक तारखेसमोर 'त्या दिवसाचा दर' मिळेल, असे आपल्या पानावर लिहिलेले आहे. त्यांपैकी पाच तारखांचे दर चुकीचे किंवा अर्धवट आहेत.

माझ्या आजोबांचे सांगलीला हळदीचे अडत दुकान होते. १९६४ साली धाकटे काका शिकायला अमेरिकेला गेले आणि आजोबा त्यांना दर तीन महिन्यांनी २०० डॉलर पाठवू लागले. त्या काळी त्यासाठी रिझर्व्ह बँकेची परवानगी लागायची, ते कागदही घरात जपून ठेवलेले आहेत. काकांच्या पंच्याऐंशीव्या वाढदिवसाला त्या हिशेबावर एक छोटी पुस्तिका काढायची म्हणून मी आपला अहवाल घेतला. आजोबांच्या वहीला वाळवी लागून काही पानांवरचे आकडे गेले आहेत, तेवढी रिकामी जागा आपल्या दरांनी भरून काढायची होती.

१९६४ आणि १९६५ चे आपले दर बरोबर आहेत, डॉलरला ४ रुपये ७६ पैसे. पण १९६६ च्या चारही तारखांना, म्हणजे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर, आपण एकच दर दिला आहे: ६ रुपये ३६ पैसे. साहेब, हा दर त्या वर्षी एकाही दिवशी नव्हता. सप्टेंबर १९४९ च्या अवमूल्यनापासून डॉलरचा दर ४.७६ ला बांधलेला होता. ६ जून १९६६ ला इंदिरा गांधींच्या सरकारने रुपयाचे अवमूल्यन केले आणि तो एका रात्रीत ७.५० झाला. त्या व्यवस्थेत दर रोज थोडाथोडा हलत नसे. सरकारने जाहीर केला की बदले, तोवर तसाच राही. आपण वर्षाची सरासरी काढली आणि तीच चारही तारखांसमोर छापली. शिवाय अहवालातल्या आलेखात १९६५ पासून १९६७ पर्यंत एक तिरकी रेघ ओढली आहे, जणू रुपया दोन वर्षे हळूहळू उतरत होता.

यात एवढे काय बिघडले, असे आपल्या प्रतिनिधीने मला फोनवर विचारले. "मॅडम, सरासरीत इतका फरक चालतो," हे त्यांचे शब्द. काय बिघडले ते सांगते. वहीतले जुलै १९६६ चे पान शाबूत आहे. त्यावर आजोबांच्या अक्षरात लिहिले आहे: 'डॉ. २०० दर ७॥ प्रमाणे रु. १५००. मागील खेपेस ९५२. जादा ५४८. सौ. च्या पाटल्या ठेवल्या.' बँकेचे कमिशन खाली वेगळे मांडले आहे. आजीच्या पाटल्या गहाण पडल्या त्या या ५४८ रुपयांपायी. आपल्या दराने हिशेब केला तर एप्रिललाही १,२७२ आणि जुलैलाही १,२७२ रुपये येतात. जूनमध्ये काही घडलेच नाही असे दिसते, आणि आजीचे दागिने का गेले ते आमच्या नातवंडांना कधीच कळणार नाही. वाळवीने खाल्लेल्या एप्रिलच्या पानासाठी मी आपला आकडा विश्वासाने वापरला. पुस्तिकेच्या दोनशे प्रती छापून आल्या. काकांनी पहिलेच पान उघडले आणि विचारले, "हा सहा छत्तीस कुठून आला?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

पाचवी तारीख जून १९९२ ची. तेव्हा आजी आजारी होती आणि काकांनी तिकडून ५०० डॉलर पाठवले होते. मार्च १९९२ पासून वर्षभर देशात दोन दर चालू होते: बाहेरून आलेल्या रकमेचे ४० टक्के रिझर्व्ह बँकेच्या सरकारी दराने आणि ६० टक्के बाजारभावाने रुपयांत मिळत. बँकेच्या स्लिपवर दोन ओळी आहेत, २०० डॉलर एका दराने आणि ३०० दुसऱ्या, चढ्या दराने. आपल्या अहवालात फक्त सरकारी दर आहे आणि दुसरा दर होता याची तळटीपसुद्धा नाही. मार्च १९९३ मध्ये दोन्ही दर एक केले गेले, त्याआधीच्या तारखा विचारणाऱ्या प्रत्येकाची अशी फसगत होणार.

ई-मेलला उत्तर आले ते ठोकळेबाज होते: 'आमचे दर विश्वसनीय स्रोतांतून घेतले जातात, तफावतीस कंपनी जबाबदार नाही.' स्रोतात वार्षिक सरासरी असेल तर ती सरासरी म्हणून छापा, माझी हरकत नाही. पैसे घेऊन तिला दिवसाचा दर म्हणू नका. कोणी वडिलोपार्जित व्यवहाराचा हिशेब लावत असेल, कोणी प्रबंध लिहीत असेल, ते पडताळायला दुसऱ्यांच्या घरी वही असेलच असे नाही.

माझे १,७७० रुपये परत करावेत, १९६६ चे दर ६ जूनच्या आधीचे व नंतरचे असे वेगळे करून दुरुस्त अहवाल पाठवावा आणि १९९२-९३ साठी दोन्ही दर द्यावेत. ज्यांनी याआधी या वर्षांचे अहवाल घेतले त्यांनाही आपण होऊन कळवावे, हे मला पैशांपेक्षा महत्त्वाचे वाटते. पुस्तिकेच्या छपाईचा खर्च मी मागत नाही. चुकीच्या पानावर चिकटवायची दुरुस्तीची पट्टी मी स्वतः छापून घेतली आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

सोबत अहवालाची प्रत, पैसे भरल्याची पावती, जुलै १९६६ च्या वहीतल्या पानाचा आणि १९९२ च्या बँक स्लिपचा फोटो जोडला आहे.

आपली,
एक ग्राहक, सांगली